तोंडात टाचण्या आहेत, बोला

गल्लीत तिला सगळे टाचणीताई म्हणत. कपडे शिवणारी नव्हे ती, कपडे सुधारणारी. कुणाची विजार लांब झाली, कुणाचा कोट घट्ट झाला, कुणाच्या झग्याची शिवण उसवली की लोक तिच्याकडे येत. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं, आपण गुडघ्यावर बसायचं, ओठांत टाचण्यांची रांग धरायची आणि एकेक काढून कापडात खुपसत जायचं, ही तिची पद्धत. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी दम भरला होता: तोंडात टाचण्या असताना पळायचं नाही, हसायचं नाही आणि बोलायचं नाही. ताईने हे तिन्ही नियम जन्मभर पाळले. त्यातला शेवटचा तर जरा जास्तच पाळला.

खरं सांगायचं तर टाचण्या ही तिची फार मोठी सोय होती. कुणी अवघड प्रश्न विचारला की तिचा हात आपोआप डबीकडे जाई. नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, "हिच्याशी भांडायचं म्हणजे आधी डबी लपवायला लागते." तो गेला, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, आणि घरात ताई, दोन शिवणयंत्रं आणि एक आन्सरिंग मशीन एवढंच राहिलं.

हे मशीन तिने हौसेने घेतलं नव्हतं. फोन वाजला की टाचण्या एकेक करून त्यांच्या छोट्या गादीत खोचायच्या, गुडघ्यांवर हात टेकून उठायचं आणि फोनपर्यंत जायचं; तोवर पलीकडचा माणूस कंटाळून गेलेला असायचा. म्हणून मशीन आलं. त्यावर तिने स्वतःच्या आवाजात निरोप भरला होता: "मी घरातच आहे. तोंडात टाचण्या आहेत. बोला." गिऱ्हाइकांना याची गंमत वाटायची. काहीजण तर म्हणे कामाशिवायच फोन करून ऐकायचे. शक्य झालं तर मशीनच्या आधी आपणच पोचावं म्हणून तिने ते बऱ्याच उशिराने उचलेल असं लावून ठेवलं होतं. ती काही पोचायची नाही, पण आशा सुटत नव्हती.

त्या मशीनची खरी मजा मात्र वेगळीच होती. बोलणाऱ्याचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. आणि दिवसाकाठी सगळ्यात जास्त ऐकू यायचा तो धाकट्या बहिणीचा.

धाकटीने सारी नोकरी बसस्थानकाच्या उद्घोषणेच्या खोलीत काढली. काचेमागे बसून माइकवर बोलत राहायचं, ऐकणाऱ्यांपैकी एकानेही उत्तर द्यायचं नाही. त्यामुळे मशीनशी बोलणं तिला अजिबात जड गेलं नाही. रोज दुपारच्या चहाला तिचा फोन यायचा. मशीन उचलायचं आणि धाकटी सुरू व्हायची: शेजारीण काय म्हणाली, भाजीवाला कसा फसवतो, पायाचं दुखणं कुठपर्यंत चढलं. ताई काम करता करता ऐकायची. टेप संपत आली की धाकटी म्हणायची, "चल, गाडी सुटली," आणि तेवढ्यात तोंड मोकळं झालं असलं तर ताई फोन उचलून म्हणायची, "ऐकलं गं." एवढ्यावर दोघींचं भागायचं. सख्ख्या बहिणींना याहून जास्त काय लागतं, असं ताईला वाटायचं.

धाकटी निवृत्त झाली आणि नोकरीबरोबर मिळालेली राहायची खोली सोडायची वेळ आली. तिचं लग्न झालेलं नव्हतं, मागेपुढे कुणी नव्हतं. ताईच्या घरात मागची एक खोली होती. दोघींच्याही मनात एकच गोष्ट होती, पण बोलून दाखवली कुणीच नाही. धाकटी चार दिवस राहायला आली, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थबकली.

खोली कपड्यांनी गच्च भरलेली होती. लोकांनी सुधारायला दिलेले आणि न्यायला विसरलेले कपडे. भिंतीपासून भिंतीपर्यंत दांड्या, दांड्यांवर कोट, झगे, विजारी, आणि प्रत्येकाला टाचलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर मालकाची ओळख, फोनचा आकडा आणि खाली ताईच्या हातचं एकच वाक्य: नेण्यास कोणी आले नाही.

धाकटीने शाळेचा एक छोटा सदरा वर धरला. "ताई, हा ज्याचा आहे ना, त्याला आता मिशा आल्या असतील."

"गिऱ्हाइकाची वस्तू आहे. फेकायची कशी?"

"फेक कोण म्हणतंय? पण मी झोपायचं कुठे?"

ताईचा हात डबीकडे गेला. धाकटीने तो पाहिला.

"म्हणजे कपड्यांना जागा आहे, सख्ख्या बहिणीला नाही."

"असं मी कुठे म्हटलं?" ताई म्हणाली. हे ती टाचण्या तोंडात धरायच्या आत म्हणाली, म्हणजे तिच्या मानाने फारच झालं.

"काही म्हणायला तोंड मोकळं लागतं," धाकटी म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

योगायोग असा की त्याच दिवशी चिरंजीव घरी आले होते. मावशीला गाडीवर बसवून देतो म्हणाले, आणि जाता जाता आईच्या फोनचंही भलं करून गेले. त्या वेळी ताई एका झग्याचा घेर टाचत होती. मुलगा दारात उभा राहून समजावत होता: "आई, या मशीनचा काही भरवसा नाही, टेप कधीही अडकेल. मी टेलिफोन कंपनीची व्हॉइसमेल चालू करून घेतलीय. निरोप कंपनीकडे साठतील, तू फक्त एक आकडा फिरवून ऐकायचे. मशीनही राहू दे हवं तर. कळलं ना?" ताईने मान हलवली. तोंडात टाचण्या असताना ती सगळ्यालाच मान हलवायची. ती मान होकाराची असते की "जा बाबा आता" अशी असते, हे ओळखणारी एकच व्यक्ती होती आणि ती तेव्हा रागाने बाहेर त्याच्या गाडीत जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फोन वाजला. ताईने कान टवकारले. फोन वाजला, वाजला आणि मशीनने उचलायच्या आतच बंद पडला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. मशीनवरचा लाल आकडा शून्यावरून हलायला तयार नाही.

ताईने त्याचा अर्थ लावला तो असा: धाकटी रोज फोन करते आणि मुद्दाम मशीनने उचलायच्या आत ठेवून देते. बघ, माझी आठवण तर करून देते, पण तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. लहानपणी रुसली की ती अशीच करायची. दारापर्यंत यायची, कडी वाजवायची आणि पळून जायची. ताईला रागही आला आणि हसूही आलं, पण तोंडात टाचण्या होत्या.

"वाजवू दे," ती मनातल्या मनात म्हणाली. "मी काही फोन करायची नाही."

फोन ती करणार नव्हती, पण स्वस्थही बसवेना. डोक्यातून ते वाक्य जाईना: कपड्यांना जागा आहे. पहिला फोन वाजून बंद पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून तिने मागच्या खोलीतली पहिली चिठ्ठी काढली होती आणि त्यावरच्या आकड्यावर फोन लावला. मग दुसरी, मग तिसरी. "तुमचा कोट माझ्याकडे आहे, घेऊन जा, नको असेल तर तसं कळवा," असं घरोघरी सांगून ठेवलं. इतकी वर्षं जे केलं नव्हतं ते ती करत होती आणि कशासाठी करतेय हे स्वतःशीही कबूल करत नव्हती. विचारलं असतंत तर म्हणाली असती, "कसर लागते कपड्यांना."

पण गंमत बघा, एकाचाही उलटा फोन नाही. फोन वाजायचा, बंद पडायचा. आकडा शून्य. आणि रिसीव्हर कानाला लावला की त्यातला तो नेहमीचा सरळ सूर आधी अडखळायचा, उचकी लागल्यासारखा, आणि मग सरळ व्हायचा. ताईला वाटलं, तारेत पाणी शिरलं. जगच असं झालंय, तिने मनाशी ठरवलं. लोकांना कपडे नकोत, बहिणींना बहिणी नकोत आणि फोनला उचकी लागलीय.

शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात गावच्या बँडमधला ट्रंपेटवाला. मोठा देह, मोठा आवाज. त्याचा सोनेरी बटणांचा कोट मागच्या खोलीत पडून होता, आणि ताईने त्यालाही निरोप दिला होता.

"काय हो ताई, तीनदा फोन केला मी. कोट हवाय, उद्या वाजवायला जायचंय. तुम्ही उत्तरच देत नाही."

"माझ्याकडे कुणाचाही निरोप नाही," ताई म्हणाली. "ते बघा, शून्य."

"असं कसं? त्या बाईकडे ठेवला की."

"कोणत्या बाईकडे?"

"तुमच्याकडे फोन घेते ती. फार गोड बोलते, पण तुमची सर नाही हो तिला. मला ते टाचण्यावालंच आवडायचं."

ताईने घरभर नजर फिरवली. घरात दुसरी बाई म्हणजे आरशातली तीच. ट्रंपेटवाल्याने तिचा चेहरा पाहिला, मग फोन उचलून कानाला लावला आणि हसायलाच लागला.

"ही उचकी ऐकलीत? आमच्याकडेही आहे ही. कंपनीची व्हॉइसमेल. सूर अडखळला की समजायचं, निरोप येऊन पडलेत. तुमचं मशीन उचलायला आळशी आहे आणि कंपनीची बाई चपळ. चार वेळा वाजलं की ती झडप घालते. मशीनची पाळीच येत नाही."

"म्हणजे फोन बंद पडत नव्हते?"

"बंद कसले पडतायत! ती घेत होती."

ताई खुर्चीत बसली. रोज चहाच्या वेळी वाजून बंद पडणारा फोन. कडी वाजवून पळून जाणारी धाकटी. सगळा आठवडा तिने बहिणीवर कशाबद्दल राग धरला होता, ते आता तिच्या लक्षात आलं.

ट्रंपेटवाल्याला कोट देऊन तिने वाटेला लावलं आणि मुलाला फोन केला.

"आई, मी सगळं सांगितलं होतं. तू मान हलवलीस!"

"माझ्या मानेवर कुणी भरवसा ठेवायला सांगितलं होतं तुला? आकडा सांग."

"कंपनीचा आकडा टेलिफोनच्या खालीच चिकटवलाय. आणि तुझा गुप्त आकडा म्हणजे माझी जन्मतारीख. आणि हे बघ, मशीनच्या पोटाखाली एक छोटं बटण आहे, ते 'लवकर'वर सरकव. मग आधी मशीन उचलेल, आणि तू फोनवर बोलत असशील तेव्हा येतील ते फोन कंपनी घेईल. दोघांचं भांडण मिटेल."

ताईने बटण सरकवलं, आकडा फिरवला आणि रिसीव्हर कानाशी धरला. कंपनीची बाई खरोखरच गोड होती. मशीनसारखी ती खोलीभर बोलत नव्हती, फक्त कानात बोलत होती. त्यामुळे हातात काम घेता येईना. धाकटीचं बोलणं रिकाम्या हातांनी ऐकायची ताईची ही पहिलीच वेळ.

"ताई? ही कोण बाई ठेवलीस? 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती उपलब्ध नाही' म्हणे. व्यक्ती! मी जन्मभर माइकवर असं बोलले आणि ही मला ऐकवतेय. ताई, उचल. उचल ना." मग बराच वेळ नुसती खरखर. "बरं. राहिलं."

मग कुणाच्या तरी विजारीचा निरोप, मग ट्रंपेटवाला, मग पुन्हा धाकटी.

"आज स्थानकावर गेले होते. माझ्या जागी नवी मुलगी आलीय. माइकसमोर एवढा मोठा श्वास घेते की लोकांना वाटतं चाकातली हवा गेली. तुला हसू आलं ना? आलं असेल तर टाचण्या सांभाळ."

ताईला खरंच हसू आलं. आणि डोळेही भरले.

"तू ऐकतेयस, मला माहितीय. तुझं तोंड बंद असतं, कान नव्हे. त्या दिवशी मी जास्त बोलले. कपड्यांवरून बोलायला नको होतं. पण तूही काही बोलली नाहीस गं. कधीच काही बोलत नाहीस."

त्याच्या पुढचा निरोप गुरुवारचा होता. धाकटीचा आवाज उद्घोषणेचा झाला होता, सपाट आणि स्वच्छ. मनातलं लपवायचं असलं की ती त्या आवाजात शिरायची.

"ऐक. तिकीटखिडकीवरची माझी मैत्रीण तिच्याकडे राहायला बोलावतेय. चांगली हवेशीर खोली आहे. तिला शनिवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला देणार. ताई, तू ये म्हणालीस तर मी येईन. नको म्हणालीस तरी मी समजेन. पण त्या बाईला बोलायला लावू नकोस. तू बोल."

शुक्रवारच्या निरोपात शब्दच नव्हते. फक्त श्वास, आणि शेवटी "ठेवते."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. दुपार होत आली होती. तिने धाकटीचा फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. मैत्रिणीशीच बोलत असणार, ताईच्या मनात आलं. हो म्हणत असणार. आठवडाभर दुसऱ्या बाईच्या तोंडून नकार ऐकल्यावर आणखी काय म्हणेल? तिने तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला. शेवटी रिसीव्हर ठेवला आणि पुन्हा उचलला, तर सूर अडखळला.

उचकी. नवा निरोप.

तिने घाईघाईने आकडा फिरवला.

"ताई, ही बाई आता तुझा फोन व्यस्त आहे म्हणतेय. गिऱ्हाइकाशी बोलतेयस वाटतं. बोल. मी एवढंच सांगायला केला होता की मैत्रिणीला मी नाही म्हणून सांगून टाकलं. का, ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही. आता खोली सोडायला लागणार आणि जायला दुसरी जागा नाही. तेव्हा मी येते. तू ये म्हण, नाहीतर म्हणू नकोस. त्या मिशावाल्या सदऱ्याशेजारी मला टांगून ठेव आणि माझ्या खांद्यालाही एक चिठ्ठी टाच. नेण्यास कोणी आले नाही."

ताईने मागे वळून पाहिलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. सगळा आठवडा तिने एकेक दांडी रिकामी केली होती, कुणी न नेलेले कपडे खोक्यांत भरून जिन्याखाली रचले होते, खिडकी पुसली होती. पलंगसुद्धा लावून झाला होता. हे सगळं झालं होतं आणि ते सांगायचं तेवढं राहिलं होतं.

फोन ठेवला तोच वाजला. मशीन या वेळी पटकन पुढे सरसावलं आणि खोलीत ताईचा जुना आवाज घुमला: "मी घरातच आहे. तोंडात टाचण्या आहेत. बोला."

मग धाकटीचा आवाज खोलीभर आला, आणि या वेळी तो उद्घोषणेचा नव्हता. "अगंबाई. आलीस होय परत?"

डबी टेबलावर होती. ताईने ती हाताने लांब सरकवली आणि फोन उचलला.

"मी आहे," ती म्हणाली.

"उचललास? एवढ्या लवकर? टाचण्या?"

"नाहीत. ऐक. ती बाई मी ठेवली नव्हती, तुझ्या भाच्याने ठेवली. तुझे सगळे निरोप आत्ता ऐकले. एकदम. मला वाटत होतं तू फोन वाजवून ठेवून देतेस."

"मी? मी कशाला ठेवून देईन?"

"कडी वाजवून पळायचीस ना, तशी."

धाकटी हसली, पण हसणं अर्ध्यावर थांबलं. ती वाट बघत होती. आठवडाभर ज्या एका शब्दाची वाट पाहिली, त्याची. ताईला ते कळत होतं.

"मी तुला ये म्हणणार नाही," ताई म्हणाली.

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तू सामान बांधून ठेव. न्यायला मी येते. खोली मोकळी केलीय, सबंध आठवडा तेच करत होते. मला तू इथे हवी आहेस. रोज हवी आहेस. हे आधीच म्हणायला हवं होतं गं, चुकलंच माझं."

एवढं लांबलचक ताई उभ्या जन्मात कुणाशी बोलली नसेल. मशीन अजून चालूच होतं, त्यामुळे तिचे शब्द तिलाच खोलीभर ऐकू येत होते आणि टेप फिरत होती. तिने उत्तराची वाट पाहिली. उत्तर येईना. आयुष्यभर माइकवर बोलत आलेली, एकाही गाडीची घोषणा न चुकवलेली तिची बहीण गप्प होती. फक्त नाक ओढल्याचा आवाज आला.

"धाकटे," ताई म्हणाली. "तोंडात टाचण्या आहेत का?"